टेडीच्या आधीचं अस्वल

१९०२ सालच्या नोव्हेंबरात मिसिसिपीच्या जंगलात एक अस्वल दोराने झाडाला बांधलं गेलं. समोर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट उभे होते. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्याची बातमी झाली, बातमीवर व्यंगचित्र निघालं आणि त्या चित्रातून टेडी बेअर जन्माला आलं. ही गोष्ट तुम्ही एखाद्या रीलमध्ये ऐकलीच असेल. दहा फेब्रुवारीच्या ‘टेडी डे’ला ती हमखास फिरते.

मला या गोष्टीत दोन प्रश्न पडले. ते अस्वल बांधलं कोणी? आणि नकारानंतर त्याचं काय झालं? उत्तरं शोधायला गेलो, तर गोष्ट राष्ट्राध्यक्षांकडून सरकत सरकत मुलांवर येऊन थांबली. शिकारी कुत्री, वाटाड्या आणि सोबत एखादं पोर, असा हा अस्वलाच्या शिकारीचा अमेरिकन प्रकार आहे आणि तो आजही बंद पडलेला नाही.

दहा वर्षांचा शिकारी

अस्वल बांधणाऱ्याचं नाव होल्ट कोलियर. जन्म १८४६ च्या सुमाराचा, मिसिसिपी राज्यातल्या हाइंड्स नावाच्या जमीनदार घराण्यात. पण घराण्याचा मुलगा म्हणून नव्हे, गुलाम म्हणून. साधारण दहा वर्षांचा असताना त्याला मिसिसिपी नदीच्या काठच्या नव्या मळ्यावर धाडलं गेलं. तिथे जंगल तोडून कापसाची शेती उभी राहत होती. राबणाऱ्या माणसांना मांस लागायचं आणि ते जंगलातून आणायचं काम या मुलाकडे आलं. हातात बंदूक दिली गेली. त्याच वयात त्याने पहिलं अस्वल मारलं.

गुलाम मुलाच्या हातात बंदूक ही त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती. मालकाचा विश्वास होता, असं याचं वर्णन करता येईल. मला मात्र त्यात हिशेब जास्त दिसतो. गुरं पोसण्यापेक्षा एक चपळ पोरगा रानात सोडणं स्वस्त पडतं. मुलाला शिकार आवडत होती की नाही, हा प्रश्नच कुणाला पडायचं कारण नव्हतं. कोलियरला ती आवडत होती, असं त्याच्या पुढच्या आयुष्यावरून वाटतं. पण आवड असणं आणि निवड करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे यादवी युद्धात तो गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूनेच लढला. युद्धानंतर गुलामी संपली आणि कोलियर पोटासाठी शिकारी झाला. रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या आणि लाकूडतोड्यांच्या तळांना तो मांस पुरवायचा, हौशी पाहुण्यांना शिकारीला न्यायचा. आयुष्यात तीन हजारांवर अस्वलं मारल्याचं तो सांगत असे.

कुत्री काय करतात?

मिसिसिपी डेल्टातल्या त्या जंगलात बांबूच्या जातीच्या वेताची दाट बनं होती. माणूस दोन हातांपलीकडचं पाहू शकत नाही, घोडा आत शिरत नाही. अस्वल मात्र आरामात राहतं. अशा ठिकाणी बंदुकीआधी कुत्री लागतात.

आपल्याकडच्या हाक्यात माणसं डबे वाजवत जनावराला मचाणाकडे रेटायची. इथे ते काम कुत्र्यांचं. आधी वास पकडणारं अनुभवी कुत्रं माग काढतं, मग टोळी सुटते. अस्वल पळतं, दमतं आणि शेवटी दोनपैकी एक करतं. एक तर झाडावर चढतं, नाहीतर पाठ टेकायला जागा शोधून उलटून उभं राहतं. कुत्री त्याला घेरतात आणि भुंकत राहतात. ते भुंकणं म्हणजे शिकाऱ्याला दिलेली हाक. पळताना कुत्रं वेगळं ओरडतं, घेरल्यावर वेगळं. कान तयार असलेल्या माणसाला मैलभर लांबून कळतं, की आता अस्वल थांबलं.

ही कला पिढीजात होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात अठराव्या शतकात जर्मनीहून आलेल्या प्लॉट कुटुंबाने अस्वलासाठीच कुत्र्यांची एक जात जोपासली. ‘प्लॉट हाउंड’ आज त्या राज्याचा अधिकृत कुत्रा आहे. कुत्री पाळणं, पिल्लं शिकवणं, जखमी कुत्रं शिवणं या सगळ्यात घरातली मुलं पहिल्यापासून असायची. मुलाला शिकारीला नेणं ही तिथे सहल नव्हती, घरचा धंदा होता.

तो दिवस

१९०२ च्या शिकारीत कोलियरवर एक जादा जबाबदारी होती. राष्ट्राध्यक्षांना अस्वल मिळालंच पाहिजे. त्याने रूझवेल्टना एका जागी बसवलं आणि अस्वल त्याच वाटेने आणायचं ठरवून कुत्री सोडली. अस्वल आलंही, पण तोवर रूझवेल्ट जेवायला तळाकडे परतले होते. कुत्र्यांनी अस्वलाला एका पाणथळीत घेरलं. अस्वलाने एक कुत्रं मारलं. कोलियरला गोळी घालता येईना, कारण हे अस्वल साहेबांचं. शेवटी त्याने बंदुकीचा घाव अस्वलाच्या डोक्यात घातला, गळ्यात दोर अडकवला आणि झाडाला बांधून निरोप पाठवला.

रूझवेल्ट आले, त्यांनी पाहिलं आणि नकार दिला. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला माहीत असते. पुढे त्यांनी जखमी अस्वलाचे हाल संपवायला सांगितलं आणि ते सुऱ्याने मारलं गेलं.

१६ नोव्हेंबरला क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये आलं. त्यानंतर बेरीमन अस्वल काढत राहिले आणि ते दिवसेंदिवस लहान, गोल, मोठ्या डोळ्यांचं होत गेलं. शंभर किलोंहून जड असलेला प्रौढ नर कागदावर पिल्लू झाला. ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचं दुकान चालवणाऱ्या मॉरिस आणि रोझ मिक्टम या जोडप्याने कापडाचं अस्वल शिवून दुकानात ठेवलं. त्याच सुमारास जर्मनीत स्टाइफ कंपनीनेही अस्वल बनवलं. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत अमेरिकन व्यापाऱ्याने त्यांची तीन हजारांची ऑर्डर दिली. १९०७ या एका वर्षात स्टाइफने नऊ लाखांवर अस्वलं बनवली.

ज्या वयात होल्ट कोलियर अस्वलाच्या मागावर होता, त्या वयाची लाखो मुलं आता अस्वल कुशीत घेऊन झोपू लागली. आणि खऱ्या अस्वलांचं रान त्याच काळात लाकडासाठी आणि शेतीसाठी साफ होत होतं. खेळण्यातलं अस्वल वाढत गेलं तसं रानातलं घटत गेलं.

स्किप आणि आयझॅक

रूझवेल्टना सहा मुलं होती आणि शिकारीवर असताना ते त्यांना पत्रं लिहीत. १९०५ मध्ये ते कोलोरॅडोत गेले. तिथेही पगारी वाटाडे होते आणि कुत्र्यांची टोळी होती. त्या टोळीत स्किप नावाचं एक छोटं कुत्रं होतं. मोठी कुत्री अस्वलाला घेरायची तेव्हा हेही तिथे हजर आणि दमलं की राष्ट्राध्यक्षांच्या घोड्यावर स्वार. रूझवेल्टनी स्किपला व्हाइट हाउसमध्ये आणलं आणि तो त्यांच्या आर्ची नावाच्या मुलाचा सोबती झाला. या मुलांच्या वाट्याला बापाच्या शिकारीतून एक कुत्रं आलं आणि गोष्टी आल्या. रक्त त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत धुतलं गेलं होतं.

१९०७ मध्ये रूझवेल्टनी कोलियरला लुइझियानातल्या शिकारीवर पुन्हा बोलावलं आणि तिथे शेवटी एक अस्वल मारलं.

मिसिसिपीच्याच विल्यम फॉकनरने १९४२ मध्ये ‘द बेअर’ ही दीर्घकथा प्रसिद्ध केली. तिच्यातला आयझॅक दहाव्या वर्षी पहिल्यांदा शिकारीच्या तळावर जातो. त्याला जंगल शिकवणारा सॅम फादर्स हा चिकासॉ सरदार आणि गुलाम स्त्री यांचा मुलगा. पुढे एकदा म्हातारं अस्वल आयझॅकच्या अगदी समोर येतं. त्याला गोळी झाडता आली असती. तो ती झाडत नाही. अस्वलावर धावून गेलेल्या एका छोट्या कुत्र्याला वाचवायला तो पुढे झेपावतो. शिकारीत नेलेल्या मुलाने नेमकं काय शिकावं, याचं माझ्या मते हे सर्वांत प्रामाणिक चित्र आहे. आणि ते शिकवणारा माणूस त्या जंगलाचा मालक नाही, हेही फॉकनर नजरेआड होऊ देत नाही.

आजची सहल

आज अमेरिकेत हा पैसे भरून घेतलेला अनुभव असू शकतो. परवानाधारक वाटाडे बाप-लेकांना, माय-लेकींना कुत्र्यांसह अस्वलाच्या शिकारीला नेतात. कोलोरॅडोत १९९२ मध्ये मतदारांनीच कुत्री लावून अस्वल मारायला बंदी घातली. मग १९९४ मध्ये ओरेगनने, १९९६ मध्ये वॉशिंग्टनने. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये कायदा झाला. मेन राज्यात मात्र २००४ आणि २०१४ अशा दोन्ही वेळा मतदारांनी बंदी नाकारली. विस्कॉन्सिनमध्ये कुत्र्यांसह शिकार चालते. तिथे मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकार करायला किमान वय दहा होतं. २०१७ मध्ये ती अटही काढून टाकली.

कुत्र्यांच्या गळ्यात आता जीपीएसचा पट्टा असतो. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून ही यंत्रं जरा वाचून पाहिली. प्रत्येक कुत्रं नकाशावर एक ठिपका. ते पळतंय की झाडाखाली थांबलंय, हेही स्क्रीन सांगते. कोलियरच्या कानाने जे वर्षानुवर्षं कमावलं, ते नव्या मुलाला हातातल्या यंत्रात मिळतं. यामुळे कुत्री हरवत नाहीत, हा मोठा फायदा. पण झाडावर बसलेल्या अस्वलापर्यंत पोचायला मुलाला जंगल कळावंच लागतं, असं मात्र उरत नाही.

शिकारी पालकांचं म्हणणं मी गांभीर्याने घेतो. मांस कुठून येतं हे मुलांना कळावं, मरण डोळ्यांनी पाहावं, परवान्याची शिस्त शिकावी. शिवाय झाडावर चढलेलं जनावर नीट पाहता येतं. सोबत पिल्लं आहेत का ते बघून सोडून देता येतं. पाकिटातलं चिकन खाणाऱ्या माझ्यासारख्याने यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अस्वलाची शिकार बंद झाली, म्हणून आपण जास्त सोवळे ठरतो असंही नाही. साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या शिकारकथांत जनावराचं माप इंचात असतं, हाकेकऱ्यांची नावं मात्र क्वचित असतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. टेडीच्या गोष्टीतून मुलांना आपण सांगतो, की बांधलेल्यावर वार करू नये. धडा चांगलाच आहे. पण तो नकार देणारा माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्याला ‘नाही’ म्हणणं परवडत होतं. कोलियरला दहाव्या वर्षी ते म्हणता आलं नसतं आणि १९०२ मध्येही फारसं नाही. त्याने जीव धोक्यात घालून, कुत्रं गमावून अस्वल जिवंत धरलं, कारण तसं ठरलेलं होतं. चांगुलपणाचं श्रेय एकाच्या नावावर गेलं आणि अवघड काम दुसऱ्याच्या अंगावर पडलं.

म्हणून आज कुणी मुलाला अशा शिकारीला नेत असेल, तर परवान्याच्या वयापेक्षा मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. झाडाखाली उभं राहून त्या मुलाला ‘मला नाही मारायचं’ म्हणता येईल का? बाप, वाटाड्या, भरलेले पैसे आणि भुंकणारी कुत्री यांच्यासमोर? ज्या सहलीत याचं उत्तर ‘हो’ आहे, तिथे मूल काहीतरी शिकतं. उत्तर ‘नाही’ असेल तर ते फक्त वापरलं जातं.

कोलियर १९३६ मध्ये वारला. लुइझियाना काळं अस्वल १९९२ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेलं आणि संख्या सुधारल्यावर २०१६ मध्ये यादीतून बाहेर आलं. २०२४ च्या डिसेंबरात लुइझियानाने मोजक्या परवान्यांवर त्याची शिकार पुन्हा सुरू केली. मिसिसिपीत २००४ मध्ये एका राष्ट्रीय अभयारण्याला होल्ट कोलियरचं नाव दिलं गेलं. कृष्णवर्णीय अमेरिकनाचं नाव मिळालेलं ते तिथलं पहिलं राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य. टेडी हातात असलेल्या एखाद्या पोराला पुढच्या वेळी ही गोष्ट सांगाल, तेव्हा दोर बांधणाऱ्याचं नावही सांगा.