कळलावीचं नाव

श्रावण सरत आला की गोव्यात पेडणे-डिचोलीकडच्या कुंपणांवर एक वेल पेटते. पाकळ्या खाली पिवळ्या, वर लालभडक, कडा नागमोडी. पानाचं टोक गुंडाळून ती मिळेल त्याला धरून चढते. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला रानातून जे जे येतं, त्यात हिची फुलंही येतात. मराठीत ही कळलावी.

नावाचा एक अर्थ भांडणाचा. हिची फांदी कुणाच्या घरावर टाकली की त्या घरात कलागती सुरू होतात, असा समज. संस्कृतातलं ‘कलिकारी’ त्याच वळणाचं. दुसरा अर्थ बाळंतिणीच्या खोलीतला. अडलेल्या बाईच्या बेंबीभोवती आणि तळपायांना हिचा कंद उगाळून लावायचा, म्हणजे कळा येतात. वार पडत नसेल तर लांगलीच्या मुळाचा लेप तळहात-तळपायांना लावावा, असं सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. लांगली म्हणजे हीच. कंद नांगरासारखा, म्हणून ते नाव. मला हा दुसरा अर्थ पटतो, कारण हिचं आणखी एक जुनं नाव आहे ‘गर्भनुत्’, गर्भाला बाहेर ढकलणारी. ‘गरोदर स्त्रियांनी घेऊ नये’ असं डबीवर छापू लागण्याच्या कितीतरी आधी ते नावात सांगून ठेवलेलं होतं.

कंदात कोल्चिसीन असतं. पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते १८२० साली युरोपातल्या कोल्चिकम या वनस्पतीपासून वेगळं केलं. गाउटवर ते आजही देतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे धागे हे द्रव्य जुळूच देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात, पेशी एकच राहते. १९३७ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्ली यांनी हे धोतऱ्यावर करून दाखवलं.

गर्भ म्हणजे अहोरात्र दुभंगणाऱ्या पेशी. प्रयोगशाळेतल्या गाभण प्राण्यांना कोल्चिसीन दिल्यावर पिल्लांत व्यंगं दिसली. औषधाच्या मात्रेत ते घेणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या बाळांत मात्र व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही, हेही सांगायलाच हवं. पण ती गोळी मोजलेली असते, मिलिग्रॅमच्या अंशांत. उगाळलेल्या कंदाचं माप कोण घेणार? रताळं समजून तो खाल्ला तर आधी पटकीसारख्या उलट्या-जुलाब होतात, मग रक्तातल्या पेशी घटतात, आणि जो वाचतो त्याचे केस आठवड्या-दोन आठवड्यांत पुंजक्यांनी गळतात. पोट पाडायला हाच कंद गुपचूप खाणाऱ्या बायकांच्या वाट्याला हे सगळं आलं, आणि त्यांना ते कुणाला सांगताही येत नव्हतं. मला या वेलीकडे पाहताना त्या आठवतात.

आता निदान आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची देशभरची नोंद दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे जाते. या संस्थेचं एक केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये पेडण्यातच, धारगळला सुरू झालं. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मधल्या विषारी द्रव्यांत धोतरा आहे, लांगलीही आहे. त्यांच्यापासून बनवलेल्या, पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापावी लागते. नियमाप्रमाणे ती इंग्रजीत आणि हिंदीत असते. मराठीतली सूचना अजून कुंपणावरच्या वेलीच्या नावात आहे.