काळ्या-पांढऱ्या फोटोतला लाल

१८९१ साली सुरू झालेली मिरज-कोल्हापूर रेल्वे संस्थानाच्या मालकीची, मीटरगेज. १९७१च्या सुमारास ती ब्रॉडगेज झाली आणि ते छोटे डबे गेले. त्यातला एक मी १:८७ मापात बनवतोय. रूळ जेमतेम १२ मिलिमीटर रुंद. कापणं-चिकटवणं जमतं, घोडं अडतं रंगाशी. जुने फोटो काळे-पांढरे. त्यातही सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल डबासुद्धा काळा उतरायचा. अशा फोटोवर रंग निवडायचा तरी कसा?

म्हणून मी डबा १९६०च्या दशकातला धरला. तेव्हाचा विटकरी रंग पाहिलेली माणसं गावात अजून आहेत. शेजारच्या आजोबांपुढे रंगाच्या चार पट्ट्या ठेवल्या. त्यांनी सगळ्यात मळकी उचलली. ‘‘इंजिनचा धूर बसायचा की रं!’’

आता मॅट अ‍ॅक्रिलिक, त्यात थेंबभर पांढरा, कारण लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो. बाबूराव पेंटरांच्या गावात ब्रशला काय तोटा! बाजूंना सिंथेटिक केसांचा चपटा, अक्षरांना दोन शून्यांचा गोल. धूर मात्र जवळजवळ कोरड्या ब्रशने, छपरापासून खाली.