लँडलबर

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी सागरकथेचा अनुवाद करताना ‘लँडलबर’ हा शब्द समोर आला. लँड म्हणजे जमीन, आणि ‘लबर’ हा ‘लव्हर’चाच खलाशी उच्चार असणार, असे ठरवून मी ‘भूमिप्रेमी’ लिहून मोकळा झालो. पुस्तक छापून आले. कोणी हरकत घेतली नाही, हे त्याहून वाईट.

पुढे शब्दकोशाने कान धरला. ‘लबर’चा प्रेमाशी काडीचा संबंध नाही. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत त्याचा अर्थ आडदांड, आळशी, वेंधळा माणूस. खलाशांनी तो कामात कच्च्या गड्याला लावला. ‘लँड’ त्याला मागाहून, १७००च्या सुमारास चिकटले.

शिडाच्या जहाजावर डोलकाठीच्या मध्यावर एक माच असे. तिथे पोचायचे तर शेवटचे काही हात बाहेर कललेल्या दोरांवरून, पाठ समुद्राकडे करून, लोंबकळत चढावे लागे. डोलकाठीलगत माचाला एक भोकही ठेवलेले असे. त्यातून सुखरूप वर निघता येई. त्याचे नाव ‘लबर्स होल’. पट्टीच्या खलाशाला त्यातून जाण्याची लाज वाटे. होकायंत्रात जहाजाच्या नाकाची दिशा दाखवणारी स्थिर खूण असते, तिलाही ‘लबर लाइन’च म्हणतात, तिच्याकडे मात्र सगळेच बघतात.

हा टोमणा खाणारे होते कोण? ब्रिटिश नौदलात समुद्राची सवय नसलेल्यांचा ‘लँडमन’ असा वेगळा, खालचा दर्जा होता. फ्रान्सशी युद्ध चालू असताना, १७९५ मध्ये, पार्लमेंटने कायदाच केला की परगण्यांनी ठरावीक माणसे नौदलाला पुरवावीत. कोणी बक्षिसाच्या पैशासाठी आला, कोणी तुरुंग टाळण्यासाठी. रात्री झोळीत पडल्यावर ही माणसे भूमिप्रेमी असतीलही. पण तो माझ्या चुकीचा बचाव नव्हे.

मराठी शब्द शोधताना ‘घाटी’ जिभेवर आला होता. कोकणातला माणूस घाटावरच्याला ज्या सुरात तो म्हणतो, तो सूर अगदी हाच. पण ‘घाटी’ म्हटले की सह्याद्री मध्ये उभा राहतो, आणि मुंबईत त्या शब्दाला शिवीची धार आहे.

दुसऱ्या आवृत्तीत मी ‘कोरडपाया’ असा शब्द पाडला आहे. संपादकांना तो अजून पसंत नाही.