पूर्व आफ्रिकेतला दुष्काळ आणि शेती: माचाकोसची कहाणी

आजचा विषय हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा आहे, पण सुरुवात आपण १९३७ सालापासून करणार आहोत. पूर्व आफ्रिकेतल्या गावांत आज ‘अनुकूलन प्रकल्प’ म्हणून जे चालतं, म्हणजे बांध, बंधारे, झाडं, लवकर येणारं बियाणं, त्यातलं बरंचसं तिथल्या लोकांना नवं नाही. नाव नवं आहे, पैसा येण्याची वाट नवी आहे. काम जुनं आहे आणि त्या कामाच्या आठवणी सगळ्याच काही गोड नाहीत. त्यासाठी आपण केनियातला एकच मुलूख घेऊ.

नैरोबीच्या आग्नेयेला माचाकोसचा डोंगराळ भाग आहे. हा कांबा लोकांचा प्रदेश, उकाम्बानी. इथं पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐकायला ही चैन वाटते, पण दोन्ही हंगाम बेभरवशाचे. दुष्काळ इतका नेहमीचा की कांबा लोक दुष्काळांना नावं देतात. आपण ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो, आकड्यावर भागवतो. त्यांनी १९८४च्या दुष्काळाला जे नाव दिलं त्याचा अर्थ साधारण असा: ‘पैसे मुठीत धरून मी मरतोय’. खिशात पैसा होता, बाजारात धान्य नव्हतं. आम्हाला तरी दुष्काळाची याहून नेमकी व्याख्या माहीत नाही.

आता १९३७. वसाहत सरकारचा मृदसंधारण अधिकारी कॉलिन माहेर याने माचाकोसवर अहवाल लिहिला. उघडे पडलेले डोंगर, माती वाहून गेलेली, जागोजाग घळी. चित्र खोटं नव्हतं, त्या काळचे फोटो आहेत. निदान मात्र सोपं करून टाकलेलं होतं: माणसं फार झाली, गुरं त्याहून फार झाली, आणि कांबांना जमीन वापरता येत नाही.

या निदानातून एक गोष्ट गळली. पाऊस गेला की कांबा माणूस काय करायचा? गुरं घेऊन दुसरीकडे जायचा. डोंगरावर शेती आणि खाली कोरड्या माळावर चराई, असा त्यांचा हिशेब होता. इंग्रजांनी ‘राखीव प्रदेशा’ची हद्द आखली. मुआ टेकड्यांची चांगली जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडे गेली आणि याट्टाच्या पठारावरची चराई सरकारी ठरली. म्हणजे दुष्काळातून निघण्याची जुनी वाट आधी बंद केली आणि मग आत कोंडलेल्या गुरांची गर्दी मोजली. हा मुद्दा जरा ठसवून सांगतो आहोत, कारण आजही कित्येक प्रकल्प-अहवाल ‘लोक अगतिक का आहेत’ हे सांगताना पाऊस आणि लोकसंख्या मोजतात, हद्द कुणी आखली ते विचारत नाहीत.

उपाय काय, तर गुरं कमी करा. १९३८मध्ये सक्तीने गुरं काढून विकायला सुरुवात झाली. अथी रिव्हरला लीबिग कंपनीचा मांसाचा कारखाना उभा राहत होता, त्याला स्वस्त जनावरं हवी होती. लोकांना मातीचं रक्षण आणि कारखान्याचं गिऱ्हाईक यांतला संबंध लगेच दिसला. त्या वर्षीच्या जुलैअखेरीस हजारांहून जास्त कांबा, बायकामुलांसकट, चालत नैरोबीला गेले आणि गव्हर्नर भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणून कित्येक आठवडे तळ ठोकून बसले. मुइन्डी म्बिंगू हा त्यांचा पुढारी. सरकारने त्याला पकडून किनाऱ्यावरच्या लामूला हद्दपार केलं, पण सक्तीची विक्री वर्षअखेर सोडून द्यावी लागली. नैरोबीच्या मध्यवस्तीत आज त्याच्या नावाचा रस्ता आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तोच आग्रह, या वेळी बांधांचा. ठरलेल्या दिवशी हजर राहा, साहेब दाखवील तिथे खणा. नाही आलात तर दंड. लोकांनी खणलं आणि पाठ फिरताच सोडून दिलं. कोण जपणार?

पण पन्नाशीच्या दशकात काहीतरी बदललं. एक, आफ्रिकी शेतकऱ्यांना कॉफी लावायची मुभा मिळू लागली. तोवर ते मळेवाल्यांचं पीक होतं. उतारावर कॉफी घ्यायची तर सपाट पायऱ्या लागतात. दोन, नैरोबी वाढत होतं, भाजीला आणि फळांना गिऱ्हाईक होतं. आणि तीन, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, काम ‘म्वेथ्या’वर आलं. म्वेथ्या म्हणजे आपल्याकडचं इर्जिक किंवा सावडच. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. सरकारी मुकादमाच्या जागी गटाने स्वतः निवडलेले म्होरके आले. या गटांत खणणाऱ्या बहुतेक बायका होत्या, कारण पुरुष नोकरीसाठी शहरात.

पायरीची जी पद्धत पसरली तिला स्वाहिलीत ‘फान्या जुऊ’ म्हणतात, म्हणजे ‘वर टाक’. समपातळीवर चर खणायचा आणि माती उताराच्या खाली न टाकता वरच्या अंगाला टाकून बांध घालायचा. माती वर फेकणं कष्टाचं, कंबर मोडते. पण दर पावसात वरून येणारी माती बांधापाशी अडते आणि काही वर्षांत शेत आपोआप पायरीसारखं सपाट होतं. बांधावर वैरणीचं गवत लावलं की गुरांचीही सोय. साठच्या दशकात कटुमानीच्या संशोधन केंद्रातून लवकर तयार होणारा मका आला, तो अपुऱ्या पावसातही पदरात पडू लागला.

१९९४मध्ये मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी यांनी साठ वर्षांचा हिशेब मांडला. तीसच्या दशकात सुमारे २ लाख ४० हजार असलेली लोकसंख्या १९८९पर्यंत १४ लाखांच्या घरात गेली होती, आणि तरी धूप कमी झाली होती. १९३७च्या फोटोंच्या जागी उभं राहून त्यांनी नवे फोटो घेतले: उघड्या डोंगरांवर पायऱ्या आणि झाडं. माणसं वाढली की जमीन मरते, या समजाला हा मोठा धक्का होता.

पण इथे थांबून टाळ्या वाजवायला आम्ही तयार नाही. डायान रोशेलो यांच्यासारख्या अभ्यासकांनी लगेच विचारलं: ही सुधारणा कुणाच्या शेतात झाली? बांध घालायला पैसा कुठून आला? बराचसा आला नैरोबीतल्या पगारातून. ज्या घरात पगार, त्या घरचा बांध पक्का. ज्याच्या घरात पगार नव्हता तो जमीन विकून दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेला, किंवा खाली मकुएनीच्या आणखी कोरड्या भागात सरकला. शिवाय मधल्या काळात वस्तीला नवी जमीनही खुली झाली होती, हे विसरून चालणार नाही.

आता आजच्याकडे या. २०२०च्या अखेरीपासून आफ्रिकेच्या शिंगातले सलग पाच पावसाळे चुकले आणि २०२३च्या अखेरीस पूर आले. मकुएनी आणि किटुईत सध्या ज्याचा बोलबाला आहे ते वाळूचे बंधारे. कोरड्या नदीच्या पात्रात खडकापर्यंत पाया नेऊन भिंत बांधायची. पुरासोबत वाळू येऊन भिंतीमागे साठते आणि वाळूच्या पोटात पाणी राहतं. ऊन लागत नाही म्हणून बाष्पीभवन कमी. नदीत झिरा खणून पाणी भरणारी आपली माणसं ही युक्ती एका वाक्यात समजतील. असे काही बंधारे वसाहतकाळातच बांधले गेले होते, आणि नव्वदच्या दशकापासून किटुईत ‘सासोल’ या संस्थेने गावकऱ्यांबरोबर शेकडो बांधले. दगड, वाळू आणि अंगमेहनत गावाची, सिमेंट बाहेरचं. ‘लोकसहभाग’ असं अहवालात लिहिलेलं असतं तेव्हा दगड वाहणारी बहुतेक वेळा बाई असते आणि तिच्या दिवसांचा रोज कुणी मांडत नाही.

२०१५मध्ये मकुएनी काउंटीने हवामानासाठी वेगळा निधी कायद्याने उभा केला. विकासाच्या अंदाजपत्रकातला १ टक्का त्यात घालायचं तेव्हा ठरलं, आणि कुठलं काम आधी घ्यायचं ते वॉर्डातल्या निवडलेल्या समित्या सुचवतात. रक्कम मोठी नाही. पण १९३८मध्ये जे लोक तळ ठोकून बसले होते त्यांच्या नातवंडांपुढे आता साहेबाचा नकाशा नाही, त्यांनीच केलेली यादी असते. त्या समितीत कोण बसतं, पगारदाराच्या घरचा की मजुराच्या, यावर मात्र गावागावात भांडण चालू आहे.