आकाशातील आकार आणि साक्षीदाराचा शब्द

आकाशात चमत्कारिक आकाराची वस्तू पाहिली असे कोणी सांगितले, की आपण एक तर त्याला वेड्यात काढतो, नाहीतर परग्रहावरचे पाहुणे आले म्हणून मोकळे होतो. इतिहास याहून निराळी वाट दाखवितो.

१४ एप्रिल १५६१ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे सूर्याजवळ गोळे, क्रूस, नळकांडी आणि काळा भाला दिसल्याचे हान्स ग्लासरने छापलेल्या सचित्र पत्रकात आहे. त्याने त्यात ईश्वराचा इशारा वाचला. पुढे १८९६-९७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियापासून मध्य प्रांतांपर्यंत लोकांना दिसले ते दिवा लावलेले, चिरुटाच्या आकाराचे हवाई जहाज. राइट बंधूंचे विमान उडाले ते १९०३ साली. पण हवाई जहाजांच्या वार्ता वृत्तपत्रांतून आधीच फिरत होत्या. ज्या काळाच्या मनात जे घोळत होते, तेच त्या काळाने आकाशात ओळखले.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा व्यापारी स्वतःच्या विमानातून जात असता त्याला रेनिअर पर्वतापाशी नऊ चमकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर फेकलेली बशी टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असे त्याने मागाहून स्पष्ट केले. उपमा गतीची होती. त्याने काढलेल्या चित्रातील आकार पुढे गोलसर व मागे निमुळता होता. वृत्तपत्रांनी ‘उडत्या तबकड्या’ हे नाव रूढ केले आणि मग जिकडेतिकडे तबकड्याच दिसू लागल्या.

म्हणून साक्षीदार खोटे होते काय? ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाचे उड्डाण सुरू झाले. प्रवासी विमाने तेव्हा दहा ते वीस हजार फुटांवरून जात. हे साठ हजारांच्याही वर. खाली अंधारून आले तरी त्याच्या रुपेरी पंखांवर ऊन तळपे. वैमानिकांनी ते पाहिले आणि प्रामाणिकपणे कळविले. तपास करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना खरे ठाऊक असूनही लोकांना सांगण्यात आले, की हे हिमकणांचे व तापमानाचे खेळ आहेत. अमेरिकी गुप्तहेर खात्याने १९९७ साली आपल्याच अभ्यासात हे मान्य केले.

त्या हवाई दलाच्या ‘ब्ल्यू बुक’ चौकशीत १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या. त्यांपैकी ७०१ चा उलगडा झाला नाही. उलगडा झाला नाही, याचा अर्थ तेवढाच.

कारखान्यातील अपघाताच्या चौकशीत आम्ही कामगाराला आधी विचारतो: काय दिसले, कोठून, किती वेळ? कशामुळे झाले, हा प्रश्न मागाहूनचा. डोळ्यांची साक्ष आणि मनाने दिलेले नाव वेगळे काढावे लागते. परंतु तेवढ्याच कडकपणे उलटतपासणी व्हावी ती फाइल मिटविणाऱ्या साहेबाची. सामान्य माणसाच्या चुकीला निदान भाबडेपणाचे कारण असते; जाणूनबुजून झाकलेल्या सत्याला तेही नसते. आणि जेथे सत्य झाकले जाते, तेथे अफवेला पंख फुटतात.