नुकसानभरपाईचे कागद व बालकांच्या नांवाचें गोपन

जुन्या महजरांत मनुष्याची ओळख नांव, बाप, कसब आणि पुरा या चार खुणांनीं पटते. नांव कसरीनें खाल्लें असलें तरी उरलेल्या खुणांवरून संशोधक माणूस हुडकून काढतो. ही विद्या आपणां संग्राहकांचें भूषण होय. परंतु एका प्रकारच्या कागदांपुरती ती घातक ठरते. अनाथालयें, वसतिगृहें इत्यादि संस्थांत अत्याचार सोसलेल्या बालकांच्या नुकसानभरपाईचे ते कागद होत.

२०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २३ व्या कलमानें बालकाचें नांव, पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार व कुटुंबाची माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. बालकाच्या हिताचें असेल तरच विशेष न्यायालय कारणें नमूद करून परवानगी देतें. ११ डिसेंबर २०१८ रोजीं निपुण सक्सेना प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें दूरान्वयानेंही ओळख पटेल अशी हकीकत देण्यास मनाई केली. म्हणजे नांव गाळून 'उस्मानपुऱ्यांतील अमक्या धंद्याच्या गृहस्थाची कन्या' असें लिहिल्यास नियम मोडलाच.

महाराष्ट्रांत २०१३ सालीं मनोधैर्य योजना सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेनें मदतीची कमाल मर्यादा १० लाख रुपये झाली आणि निर्णयाचें काम जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे आलें. मदत मिळावी म्हणून पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय दाखला व बँकेचें खातें लागतें. जितकीं दप्तरें तितक्या नकला. आणि दप्तर निकालांत निघालें कीं तें रद्दीच्या दुकानीं कसें जातें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गोपन कोणासाठीं, हा मात्र मुख्य प्रश्न आहे. आयर्लंडच्या २००२ च्या भरपाई कायद्यानें, ज्या माहितीवरून दुसरी व्यक्ति किंवा संस्था ओळखूं येईल, अशी अर्जाची व निवाड्याची माहिती प्रसिद्ध करणें गुन्हा ठरविलें. त्यामुळें पीडितांचींच तोंडें बंद झालीं व संस्था झांकल्या गेल्या. कॅनडांत मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांसंबंधीं ३८,००० हून अधिक दावे आले. त्यांचे कागद १५ वर्षांनीं नष्ट करावे, परंतु दावेदार इच्छील तर त्याचे जतन करावे, असा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे. कागदाची मालकी दुःख सोसणाऱ्याची, हें तत्त्व त्यांत मान्य झालें.

मुंबईच्या अँकरेज आश्रयगृहांचें प्रकरण २००१ सालीं उघडकीस आलें. उच्च न्यायालयानें २००८ सालीं आरोपींस निर्दोष सोडलें. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा पुनः कायम केल्या. संस्थेचें नांव, दोषी व्यक्ति व न्यायालयांचे निर्णय इतिहासांत राहिलेच पाहिजेत. ते पुसले गेल्यास पुढील पिढीस कांहीं शिकतां येणार नाहीं. बालकांचीं नांवें मात्र या इतिहासास लागत नाहींत.

सबब आमची संग्राहकांस विनंती अशी कीं, असे कागद हातीं आल्यास त्यांची नक्कल, सूची अथवा विक्री न करितां ते लखोट्यांत बंद करून जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाच्या स्वाधीन करावे. पीडित व्यक्ति सज्ञान झाल्यावर आपण होऊन बोलूं लागेल तर तो अधिकार तिचा. तोंवर शोधकानें आपली विद्या आवरणें, हेंच त्याचें कर्तव्य होय.