वाहिनीतील बिघाड सांगणारा न ऐकू येणारा आवाज

साखर कारखाना, दूध डेअरी वा कापड प्रक्रिया उद्योगात बॉयलरमधील वाफ वाहिन्यांच्या जाळ्यातून यंत्रांपर्यंत नेली जाते. वाटेत उष्णता गमावलेल्या वाफेचे पाणी होते. हे पाणी बाहेर सोडणे आणि वाफ मात्र अडवून धरणे, हे काम 'स्टीम ट्रॅप' करतो. तो उघडाच राहिला तर वाफेबरोबर इंधन वाया जाते; बंद राहिला तर साचलेले पाणी वाफेच्या रेट्याने वाहिनीवर घणासारखे आदळू शकते. ३ ते ५ वर्षे देखभाल न झालेल्या यंत्रणेतील १५ ते ३० टक्के ट्रॅप निकामी असू शकतात, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे.

वाहिनी न उघडता हा बिघाड ओळखण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी टिपणारे उपकरण वापरतात. मानवी कानाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे आवाज ऐकू येतात. अरुंद फटीतून वाफ किंवा द्रव वेगाने निसटताना त्याहून अधिक कंप्रतेचा ध्वनीही निर्माण होतो. तो फार दूर पोहोचत नाही. म्हणूनच कारखान्याच्या गोंगाटातही त्याचा उगम नेमका सापडतो. उपकरणाची धातूची कांडी वाहिनीला टेकवली की या ध्वनीचे श्राव्य आवाजात रूपांतर होऊन तो हेडफोनमधून ऐकू येतो.

चकतीचा ट्रॅप सुस्थितीत असेल, तर उघडझाप होताना स्पष्ट खटके ऐकू येतात. अखंड फुसफुस म्हणजे वाफेची गळती. शांतता मात्र फसवी असते. ट्रॅप चोंदलेला असू शकतो किंवा त्याच्यापर्यंत वाफच पोहोचत नसेल. म्हणून जोडीला तापमानही मोजावे लागते.

बंद व्हॉल्व्ह खरोखर बंद आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन ठिकाणी आवाज तपासतात. व्हॉल्व्हच्या लगेच पलीकडे आवाज वाढला तर आतून गळती असल्याचे मानले जाते. त्याहून पुढे तो आणखी वाढत गेला, तर उगम अन्यत्र असतो. पंपात खडी खडखडल्यासारखा आवाज येत असेल, तर दाब घटल्याने तयार झालेले वाफेचे बुडबुडे आत फुटत असल्याची शक्यता असते. त्याने पंख्याचा धातू झिजतो.

या तंत्राला मर्यादाही आहेत. संथ प्रवाह फारसा आवाज करीत नाही. जमिनीखालील जलवाहिनीच्या गळतीचा श्राव्यातीत ध्वनी मातीत विरून जातो. तेथे श्राव्य आवाज टिपणारी वेगळी उपकरणे लागतात. शिवाय, यंत्रणा सुस्थितीत असतानाच्या आवाजाची नोंद आधी करून ठेवली असेल, तरच नंतरचा बदल खात्रीने ओळखता येतो.